कमल, कलम आणि क्रमाचा प्रश्न

‘कमल’ आणि ‘कलम’ या दोन शब्दांत व्यंजने तीच आहेत आणि स्वरही तेच आहेत. जिभेचा मागचा भाग, दोन्ही ओठ आणि जिभेचे टोक यांना दोन्ही ठिकाणी तीच कामे करावी लागतात. भेद एवढाच की, ती कामे कोणत्या क्रमाने करावयाची. ‘मगर’ आणि ‘गरम’ यांचीही गोष्ट तीच. भाषेच्या अभ्यासकाला याचे नवल वाटत नाही. मोजक्या ध्वनींच्या निरनिराळ्या जुळणीतून हजारो शब्द सिद्ध होतात, हे तो पहिल्याच वर्षी शिकतो. परंतु हाच प्रश्न शरीराच्या बाजूने विचारला म्हणजे त्याचे अवघडपण ध्यानात येते. ओठ मिटण्याची क्रिया चालविणाऱ्या चेतापेशी दोन्ही शब्दांत त्याच असतील, तर त्यांनी एका वेळी आधी आणि दुसऱ्या वेळी मागाहून कामाला लागावे, हे ठरविते कोण? आणि ते ठरलेले मेंदूत कोणत्या रूपाने राहते? बोलणे, लिहिणे, पेटी वाजविणे, गाठ मारणे, विणणे अशा सर्व कौशल्यांच्या मुळाशी हा एकच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे जे उत्तर दीर्घकाळ प्रमाण मानले गेले ते साखळीचे होते. विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीचे विवेचन करताना ते मांडले. पहिली हालचाल झाली की तिच्यामुळे स्नायूंत आणि त्वचेत एक संवेदना उत्पन्न होते. ती संवेदना दुसऱ्या हालचालीला चालना देते. दुसरीची संवेदना तिसरीला. अशा रीतीने इच्छेने केवळ आरंभ करून द्यावयाचा, पुढचे काम कड्यांमागून कड्या ओढाव्यात तसे आपोआप होत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्तनवाद्यांना ही उपपत्ती फार सोयीची वाटली, कारण तिच्यात मनातील योजनेचे नावही काढावे लागत नव्हते.

अनुभवही या उपपत्तीला वरवर पाहता अनुकूल आहे. पाढे पाठ केलेल्या मुलाला ‘सात सक किती?’ असे मध्येच विचारले म्हणजे ते पुष्कळदा ‘सात एके सात’ पासून आरंभ करून मनातल्या मनात सहाव्या पायरीपर्यंत येते आणि मग ‘बेचाळीस’ म्हणते. स्तोत्र म्हणताना एखादी ओळ अडली की माणूस मागे जाऊन पुन्हा धावत येतो. साखळीची कल्पना सर्वस्वी चुकीची आहे असे म्हणणे म्हणूनच घाईचे होईल. ती अपुरी आहे, आणि किती अपुरी आहे हे दाखविण्याचे श्रेय कार्ल लॅशली यांचे आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसडेना येथे मेंदू आणि वर्तन या विषयावर एक परिसंवाद भरला होता. त्यात लॅशली यांनी वर्तनातील क्रमाच्या प्रश्नावर निबंध वाचला. तो १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचा पहिला आक्षेप वेगाचा होता. निष्णात पियानोवादकाची बोटे काही जागी सेकंदाला सोळापर्यंत आघात करतात. एका आघाताची संवेदना मेंदूपर्यंत जाऊन तिच्या उत्तरादाखल दुसरी आज्ञा बोटापर्यंत पोहोचावयाला इतका अल्प वेळ पुरणे शक्य नाही. दुसरा आक्षेप रुग्णाच्या निरीक्षणावर उभा होता. १९१७ साली लॅशली यांनी पाठीच्या कण्याला गोळी लागलेल्या एका माणसाची तपासणी केली होती. त्याच्या गुडघ्याच्या हालचालीची संवेदना नष्ट झालेली होती. तरीही सांगितलेल्या प्रमाणात पाय हलविणे त्याला बऱ्याच अचूकपणे जमत होते. कडीला कडी जोडणारी संवेदनाच नाही आणि हालचाल तर नीट होते, हा साखळीच्या उपपत्तीला मोठाच अडथळा होता.

तिसरा आक्षेप भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा आहे. ‘क’ नंतर काय यावयाचे हे ‘क’ वर अवलंबून नाही. ‘कमल’ मध्ये त्याच्यामागून ‘म’ येतो, ‘कलम’ मध्ये ‘ल’ येतो, आणि ‘कडक’ मध्ये पहिल्या ‘क’ नंतर ‘ड’ येतो तर दुसऱ्या ‘क’ नंतर काहीच नाही. शब्दांचीही गत तीच. वाक्यात कोणता शब्द कोठे बसावा हे शेजारच्या शब्दापेक्षा सबंध वाक्याच्या रचनेवरून ठरते. तेव्हा घटकांच्या वर एक निराळी, क्रम ठरविणारी व्यवस्था मानल्यावाचून गत्यंतर नाही, असा लॅशली यांचा निष्कर्ष होता. ती व्यवस्था कशी चालते याचा तपशील त्यांना देता आला नाही. पण प्रश्न नेमका मांडला जाणे हेच अर्धे काम असते, आणि पुढील पाऊणशे वर्षांचे संशोधन बव्हंशी त्या निबंधाची उत्तरपूजा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय वाचकाला या संदर्भात वेदपठनाच्या विकृतींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. क्रमपाठात पदे जोडीजोडीने येतात: पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे. जटापाठात हीच जोडी सरळ, उलट आणि पुन्हा सरळ म्हणावयाची: पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे, नंतर दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे, दुसरे-तिसरे. घनपाठ याहूनही गुंतागुंतीचा आहे. जटापाठात ‘दुसऱ्या’ पदानंतर कधी तेच पद पुन्हा येते, कधी पहिले येते, कधी तिसरे. पदाने पदाला ओढावे एवढ्यावरच स्मरणाचा भार असता तर जटा म्हणणारा पहिल्याच वळणावर अडला असता. त्याच्यापाशी पदांची माला असते आणि शिवाय ती कशी फिरवावयाची याचा स्वतंत्र आकृतिबंध असतो. एक आकृतिबंध हजारो ऋचांना लागू पडतो. हे घटक आणि रचना यांच्या वेगळेपणाचे ढळढळीत उदाहरण आहे.

रचना आधी तयार असते याचा रोजचा पुरावा म्हणजे बोलण्यातील चुका. ‘पोळी-भाजी’ म्हणावयाच्या ऐवजी ‘भोळी-पाजी’ असे तोंडून निघाले अशी कल्पना करावी. पहिल्या शब्दाच्या आरंभी ‘भ’ आला कोठून? दुसरा शब्द अद्याप उच्चारलेलाच नाही. तो मेंदूत आधीच सिद्ध होऊन उभा असल्यावाचून त्याचे व्यंजन पुढे घुसणे अशक्य आहे. शिवाय या गोंधळालाही शिस्त आहे. स्वर जागच्या जागी राहिले. आद्य व्यंजनाने आद्य व्यंजनाचीच जागा घेतली. व्हिएन्ना येथील रुडोल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने कार्ल मायर या वैद्यासह जर्मन भाषेतील अशा चुकांचा मोठा संग्रह १८९५ साली प्रसिद्ध केला. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ साली इंग्रजीतील चुकांच्या आधारे दाखविले की, स्वनिम, अक्षर, प्रत्यय, शब्द हे व्याकरणाने मानलेले घटक चुकांतही घटक म्हणूनच सरकतात. मराठीत असा संग्रह करावयास फारशी सामग्री लागत नाही. एक वही आणि थोडे सहनशील मित्र पुरतात. मात्र कान हा फार उदार साक्षीदार आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. तो ऐकलेल्या चुका नकळत दुरुस्त करतो आणि ठळक तेवढ्याच नोंदवितो. म्हणून अशा संग्रहातील आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये.

चुका न करता बोलतानाही पुढचे मागच्यात मिसळलेले असते. ‘कुत्रा’ म्हणताना ‘क’ चा उच्चार पुरा होण्याआधीच ओठ गोल झालेले असतात. ‘किल्ला’ म्हणताना ते पसरलेले असतात. आरशासमोर उभे राहून हे कोणालाही पाहता येईल. स्वर यावयाचा आहे हे ओठांना व्यंजनाच्या वेळीच ठाऊक असते.

किती पुढचे ठाऊक असते, हे मोजण्याची एक सुबक रीत सॉल स्टर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडली. माणसाला वारांची नावे किंवा अंक यांची लहानशी यादी द्यावयाची, ती मनात घोळवू द्यावयाची, आणि खूण होताच शक्य तितक्या लवकर म्हणावयास लावावयाचे. मोजावयाचा तो केवळ खूण आणि पहिला ध्वनी यांमधील वेळ. पहिला शब्द तोच असला तरी यादीत एक शब्द वाढला की हा वेळ सुमारे एक शतांश सेकंदाने वाढतो. शब्द एका अक्षराचा आहे की दोन, याने या वाढीत फरक पडत नाही. म्हणजे आरंभ होतो त्या क्षणी सबंध यादीची सिद्धता झालेली असते, आणि त्या सिद्धतेतील घटक सुटे ध्वनी नसून आघाताने बांधलेले शब्दगट असतात.

हे गट बनतात कसे, याचा शोध याच्याही आधीपासून चालू होता. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारमास्तरांच्या शिक्षणाचा अभ्यास करून १८९७ आणि १८९९ साली दोन निबंध लिहिले. नवशिका तारमास्तर कट्ट-कड ऐकून अक्षर ओळखतो. पुढे त्याला सबंध शब्द ऐकू येतो. निष्णात माणूस वाक्यांशच्या वाक्यांश एकदम उचलतो आणि कागदावर लिहिताना काही शब्द मागे राहूनही गडबडत नाही. प्रगतीच्या आलेखात मध्येच जी सपाटी दिसली तिचा त्यांनी लावलेला अर्थ पुढे वादग्रस्त ठरला. परंतु सवयींची उतरंड असते आणि खालची पायरी आपोआप होऊ लागल्यावाचून वरची हाती लागत नाही, हे त्यांचे म्हणणे टिकून आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली स्मृतीविषयी लिहिताना अशा बांधलेल्या गटाची कल्पना सार्वत्रिक केली. तिला येथे ‘जुडगे’ म्हणू.

तबल्याच्या शिक्षणात जुडगे डोळ्यांपुढे घडताना दिसते. ‘तिरकिट’ हे चार आघात. विद्यार्थी आरंभी प्रत्येक बोटाकडे लक्ष देऊन ते सुटे सुटे वाजवितो. काही महिन्यांनी ‘तिरकिट’ हा एकच घास होतो. त्यातील तिसरा आघात कोणता असे विचारले तर वादक स्वतःशी बोल पुटपुटतो आणि मग सांगतो. कायद्याचे पलटे करताना सामान्यतः या जुडग्यांच्या जागा बदलतात, जुडगे आतून फुटत नाही. पाढ्याच्या मुलाचेही हेच. जुडग्यात शिरावयाचे दार आरंभी असते, मध्ये नसते. साखळीच्या उपपत्तीला जे खरे दिसले होते ते जुडग्याच्या आतले होते. जुडग्यांची मांडणी करणारा हात तिला दिसला नव्हता.

आता प्रत्यक्ष मेंदूकडे वळता येईल. येथील पहिला मोठा शोध रुग्णांवरून लागला. बर्लिनचे ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली आणि त्यापुढील वर्षांत अशा रुग्णांचे वर्णन केले की ज्यांच्या हातांत शक्ती आहे, सांगितलेले ज्यांना समजते, तरी ओळखीची कृती ज्यांच्या हातून जुळत नाही. असा रुग्ण काडी आणि मेणबत्ती हाती घेतो, पण आधी काय आणि मागून काय, हे त्याला साधत नाही. मेंदूच्या डाव्या अर्धगोलाला इजा झाली असता उजव्याच नव्हे तर डाव्या हाताच्या कृतीतही हा दोष दिसतो, हे लीपमान यांचे निरीक्षण फार महत्त्वाचे ठरले. डाव्या हाताच्या स्नायूंना आज्ञा देणारे क्षेत्र उजव्या अर्धगोलात असते. तेव्हा आज्ञा देणे आणि कृतीची जुळणी करणे ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी होतात, असे मानणे भाग पडले.

जुळणी करणाऱ्या पेशी सुट्या पाहण्याचा योग १९९४ साली आला. जपानमधील जुन तांजी आणि केईसेत्सु शिमा यांनी माकडांना एक मूठ ढकलणे, ओढणे आणि फिरविणे या तीन हालचाली निरनिराळ्या क्रमांनी स्मरणातून करावयास शिकविले. मेंदूच्या वरच्या आतील भागात, प्रेरक क्षेत्राच्या पुढे, ‘पूरक प्रेरक क्षेत्र’ आहे. तेथील काही पेशी तिन्ही हालचालींचा एक विशिष्ट क्रम यावयाचा असेल तरच आरंभापूर्वी जाग्या होत. हालचाली त्याच पण क्रम निराळा असला की त्या स्वस्थ राहत. आणखी काही पेशी एक विशिष्ट हालचाल संपून दुसरी विशिष्ट सुरू होण्याच्या मधल्या अवकाशातच बोलत. १९९८ साली याच दोघांनी ते क्षेत्र औषधाने तात्पुरते निकामी केले. तेव्हा दिव्याच्या खुणेने मार्ग दाखविला तर माकडे तीच हालचाल बरोबर करीत. स्मरणातून क्रम लावावयाचा म्हटले की चुकत. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांतील भेद जेथे वसत असावा अशा जागेचे हे पहिले दर्शन होते.

मग पुढचे आणि मागचे एकदम कसे सिद्ध असतात? स्टीव्हन ग्रॉसबर्ग यांनी १९७८ साली मांडलेल्या आणि जॉर्ज हॉटन यांनी १९९० साली उच्चाराला लावून पाहिलेल्या उपपत्तीत याचे एक उत्तर आहे. सर्व घटक एकाच वेळी जागे असतात, पण कमीअधिक जोराने. सर्वांत जोरकस घटक बाहेर पडतो आणि लगेच दाबला जातो. मग उरलेल्यांतील जोरकस पुढे येतो. ही रांग आहे, पण तीत उभे राहणारे एकमेकांना ढकलीत असतात. दोघांचा जोर जवळजवळ सारखा झाला की अदलाबदल होते. ‘भोळी-पाजी’ ती हीच. केवळ तर्कावर उभ्या असलेल्या या कल्पनेला ब्रूनो ॲव्हरबेक, अपोस्टोलोस जॉर्जोपूलोस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली आधार दिला. भौमितिक आकृती रेखाटणाऱ्या माकडांच्या पुढच्या मेंदूत, पहिली रेषा ओढण्याआधीच सर्व रेषांच्या खुणा एकदम उमटलेल्या आढळल्या, आणि त्यांच्या जोराचा क्रम रेषा काढण्याच्या क्रमाशी जुळला. २०१९ साली कात्या कोर्निशेवा आणि सहकाऱ्यांना माणसांच्या बोटांच्या हालचालींपूर्वीही अशीच उतरती मांडणी दिसली. या उपपत्तीची अडचण मात्र ‘कडक’ सारख्या शब्दांत आहे. एकदा दाबलेला ‘क’ पुन्हा उठावा कसा? त्यासाठी घटकांबरोबर जागांचीही स्वतंत्र नोंद मानावी लागते, म्हणजे पुन्हा आकृतिबंध आलाच.

शिकण्याची क्रिया स्मरणाहून वेगळी आहे, हे एका रुग्णामुळे कळले. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नवी आठवण ठेवण्याची शक्ती नाहीशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सुधारत गेला. हे काम आपण पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना आठवण नसे. १९८७ साली मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी हाच मुद्दा क्रमाच्या बाबतीत दाखविला. चार दिव्यांपैकी जो लागेल त्याखालची कळ दाबावयाची. दिवे दहा-दहाच्या ठराविक क्रमाने लागत राहतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना क्रम आहे याची जाणीवही झाली नाही, पण त्यांची बोटे वेगवान होत गेली.

या मूक शिक्षणात मेंदूच्या खोल तळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यांचा, ज्यांना ‘बेसल गँग्लिया’ म्हणतात त्यांचा, मोठा वाटा आहे. ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत १९९९ साली उंदरांवर केलेल्या निरीक्षणात, वाट नवी असताना येथील पेशी वाटभर जाग्या राहत. सवय जडल्यावर त्यांची हालचाल मुख्यतः आरंभी आणि शेवटी उरली. जणू जुडग्याला दोन्ही बाजूंनी कंस घातला गेला. कंपवातात याच भागाची हानी होते. त्या रुग्णाला सुटी हालचाल जितकी जड जाते त्याहून दोन हालचाली जोडणे अधिक जड जाते. आणि चालता चालता थबकलेले पाऊल जमिनीवर आडव्या रेषा काढल्या असता पुष्कळदा उचलते. क्रम आतून मिळेनासा झाला तरी बाहेरून पुरविता येतो, हे तांजी-शिमा यांच्या माकडांशी ताडून पाहण्यासारखे आहे. अनुमस्तिष्काचे काम निराळे: हालचालींचा वेळ साधणे आणि चुकीवरून पुढची आज्ञा सुधारणे. त्याला इजा झालेल्या गॉर्डन होम्स यांच्या एका रुग्णाची तक्रार अशी होती की, डावा हात न सांगता काम करतो, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. जुडगे सुटल्यावर माणूस पुन्हा नवशिक्या होतो.

झोपेविषयी फार बोलले जाते. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली बोटांचा क्रम शिकविल्यानंतर रात्रीच्या झोपेने वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दाखविला. त्यातील काही भाग सरावाचा थकवा ओसरल्याचा असावा, असा आक्षेप पुढे आला, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. यापेक्षा गंभीर वाद प्रेरक क्षेत्राविषयी आहे. कित्येक आठवडे घोटलेला क्रम स्नायूंना थेट आज्ञा देणाऱ्या त्या क्षेत्रातच बसतो, असे १९९५ सालच्या आवी कार्नी यांच्या प्रयोगापासून पुष्कळांचे मत होते. अत्सुशी योकोई आणि यॉर्न डीड्रिक्सन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार तेथे सुट्या बोटांच्याच खुणा सापडतात. जुडगी आणि त्यांचे क्रम यांच्या खुणा त्याच्या पुढच्या आणि मागच्या क्षेत्रांत मिळतात. लीपमान यांनी रुग्णाच्या खाटेपाशी जे अनुमान केले होते त्याच्याशी हे अधिक जुळते.

भाषाशास्त्रज्ञाला येथे एक मोह होतो. वाक्यरचनेतही उतरंड, हालचालीतही उतरंड. तर व्याकरण म्हणजे हातांच्या कौशल्याचेच विस्तारित रूप, असे म्हणून टाकावे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना उच्चाराच्या हालचाली जुळविणे अवघड जात होते, आणि २००१ साली त्याचा संबंध फॉक्सपी२ या जनुकाशी जोडला गेला. तेव्हा या मोहाला बळ मिळाले. परंतु त्या व्यक्तींची अडचण प्रथम तोंडाच्या हालचालींच्या क्रमाची आहे. व्याकरणातील त्यांच्या उणिवा त्याच कारणाच्या की वेगळ्या, यावर एकमत नाही. दोन उतरंडी एकाच मातीच्या आहेत हे नुसत्या आकारावरून सिद्ध होत नाही.

या वादाची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे विसरता कामा नये. फ्रेडरिक डार्ली यांनी १९६० नंतरच्या दशकात ज्या दोषाला वाणीचा ‘ॲप्रॅक्सिया’ म्हटले, त्यात माणसाला शब्द ठाऊक असतो, व्याकरण शाबूत असते, जीभ लुळी नसते. ध्वनींचा क्रम मात्र लागत नाही. तो चाचपडतो, एकाच शब्दाची तीन वेळा तीन रूपे करतो. तोच माणूस ‘एक, दोन, तीन, चार’ हे मात्र पुष्कळदा घडाघडा म्हणतो. आपोआप येणारी वाणी आणि योजून बोललेली वाणी यांतील हा भेद ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० नंतरच्या दशकातच नोंदविला होता. घोटलेले जुडगे शिल्लक आहे, नवे जुळविणारी व्यवस्था खचली आहे. घरच्या मंडळींना हे ठाऊक नसते. अंक स्पष्ट येतात आणि पाणी मागता येत नाही, याचा अर्थ ते हट्ट किंवा बुद्धिभ्रंश असा लावतात. वाचोपचार करणारा शिक्षक अशा वेळी ताल धरून, अक्षरे संथ लावून, आपले ओठ पाहावयास सांगून शब्द पुन्हा बसवू लागतो. म्हणजे माकडांपुढील दिवा किंवा कंपवाताच्या रुग्णापुढील रेषा जे काम करते, तेच तो आपल्या तोंडाने करीत असतो.